नागपुरात नवा एसी घेताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की एसी घेणाऱ्यांचे मला फोन सुरू होतात. "भाऊ, रूम दहा बाय बाराची आहे, किती टनाचा घेऊ?" रूम कितव्या मजल्यावर आहे, पश्चिमेची भिंत उघडी आहे का, डोक्यावर स्लॅब आहे की दुसऱ्याचं घर, हे कोणी आपणहून सांगत नाही. नागपुरात एसीचा हिशेब तिथूनच सुरू होतो, चौरस फूट त्यानंतर येतात.

मोबाइलवर जो तक्ता फिरतो, म्हणजे १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड, त्यापुढे दोन, तो मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटला बऱ्यापैकी चालतो. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वरकडच्या दुमजली घरांत वरच्या खोलीला तो कामाचा नाही. मे महिन्यात दिवसभर ४४-४५ अंशांत तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावर उष्णता खाली सोडू लागतो आणि रात्री अकरालाही सोडतच असतो. म्हणजे तुम्ही झोपायला एसी लावता, नेमका तेव्हाच छताचा मारा सुरू असतो. माझी सवय अशी आहे: रात्री नऊच्या सुमारास स्टुलावर चढायचं आणि छताला तळहात लावायचा. छत अंगापेक्षा गरम लागलं तर टनाची चर्चा तिथेच थांबवायची आणि आधी गच्चीकडे बघायचं.

गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारा, चायना मोझॅक म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइलचा थर करा, नाहीतर लोखंडी अँगल ठोकून दोन-तीन फुटांवर हिरवी नेट बांधा. रंग धुळीने आणि शेवाळाने काळा पडतो, त्यामुळे एक-दोन वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो. पण तेवढं केलं की दोन टनांची वाटणारी खोली बहुतेक वेळा दीड टनात भागते. लोकांना हे सांगितलं की कंटाळा येतो. त्यांना आजच्या आज डबा घरी आलेला हवा असतो.

मग ते म्हणतात, "जाऊ द्या, दोन टनाचाच घेऊन टाकतो." मे महिन्यापुरतं बरं वाटतं. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर २८-३० अंश आणि हवा ओली असते, तेव्हा हे मोठं मशीन खोली झटक्यात थंड करतं आणि कॉम्प्रेसर बंद होतो. इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा, झाला तरी त्याला एका मर्यादेखाली हळू चालता येत नाही. हवेतली ओल निघण्याइतका वेळ मशीन चालतच नाही. खोली थंड पण चिकट, गादी दमट, कपाटाला बुरशीचा वास. आपल्याकडे कूलर पावसाळ्यात निकामी होतो म्हणून तर एसी घेतो, आणि त्याच पावसाळ्यात तो धड चालू नये?

टनाच्या आकड्यावरही डोळे झाकून जाऊ नका. एक टन म्हणजे ३,५०० वॉटच्या आसपास थंड करण्याची ताकद, त्या हिशेबाने दीड टन सुमारे ५,२५० वॉटचा व्हायला हवा. बाजारात दीड टनाच्या नावाखाली ४,८०० वॉटचं मशीनही मिळतं आणि ५,२०० वॉटचंही. हा आकडा मशीनवरच्या वीज बचतीच्या स्टार लेबलवर छापलेला असतो, दुकानात वाकून वाचा. तो आकडा बाहेर ३५ अंश तापमान धरून काढलेला असतो, हेही ध्यानात ठेवा. २०१३ च्या मे महिन्यात या शहरात ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. बाहेर पारा चढतो तशी कोणत्याही एसीची ताकद उतरते, म्हणून वरच्या मजल्यासाठी दीड टनातला जास्त वॉटचा घ्या.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त खटकते ती. आउटडोअर युनिट, म्हणजे खोलीतली उष्णता बाहेर फेकणारा डबा, कुठेही कोंबणं.

मानेवाड्याकडच्या एका घरी मला बोलावलं होतं. अकरा बाय चौदाची बेडरूम, वरचा मजला. आधी दीड टन बसवला होता, दुपारी तीन वाजले की बंद पडायचा. दुकानदाराने "कमी पडतोय" सांगून वर पैसे घेतले आणि दोन टन दिला. तोही बंद पडू लागला, उलट अडीचलाच. मी आधी इनडोअरकडे पाहिलंच नाही, मागच्या बाल्कनीत गेलो. बाल्कनीला ग्रिल, ग्रिलला आतून अ‍ॅक्रिलिकच्या शीट, वर टिनाचं छप्पर, आणि त्या पेटीत आउटडोअर. पुढून फेकलेली गरम हवा शीटवर आपटून पुन्हा मागच्या जाळीत शिरत होती. गच्चीच्या सावलीत थर्मामीटर ४३ दाखवत होता, युनिटच्या मागे लटकवला तर ५६. एवढ्या उष्णतेत कॉम्प्रेसर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होणारच, आणि दोन टनाचं मशीन जास्त उष्णता फेकतं म्हणून ते लवकर बंद होत होतं.

मी समोरच्या दोन शीट काढायला लावल्या. त्या दुपारी एसी एकदाही थांबला नाही. नंतर युनिट गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या उत्तरेच्या सावलीत हलवलं. थोडा जास्तीचा पाइप आणि एक स्टँड, एवढाच खर्च आला. मशीन बदलायला त्या काकांनी याच्या कितीतरी पट पैसे घातले होते. "आधी कोणी बाल्कनीत पाहिलंच नाही," असं काकू म्हणाल्या, आणि मला खरोखर राग आला. पाहायला दोन मिनिटं लागतात. माझा नियम: मागे निदान एक वीत जागा, समोर चार-पाच फूट मोकळं आणि दुपारी चारला सावली. कंपनीच्या पुस्तिकेत जास्त अंतर दिलं असेल तर ते पाळा.

दुसरी गोष्ट व्हॅक्यूमची. मे महिन्यात फिटरला दिवसाला भरपूर घरं उरकायची असतात. पंप लावून इनडोअर-आउटडोअरला जोडणाऱ्या पाइपमधली हवा आणि ओल ओढण्याऐवजी (हेच व्हॅक्यूम) तो युनिटमधला थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतो आणि "झालं" म्हणतो. ओल आत राहते, मोजून भरलेला गॅस कमी होतो, आणि एक-दोन उन्हाळ्यांत कूलिंग उतरलं की गॅस भरायचे पैसे पुन्हा तुमच्याकडूनच. आजकाल बहुतेक मशीनमध्ये आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, हेही विसरू नये. मी वीस मिनिटं पंप चालवतो, मग बंद करून दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलतो का ते बघतो, आणि शेवटी नटांना साबणाचा फेस लावतो. तुमच्या फिटरकडे पंप नसेल तर त्याला चहा पाजा आणि पंप घेऊन परत यायला सांगा.

खर्चाचं. दीड टन थ्री स्टार साधारण ३५ ते ४० हजार, फाइव्ह स्टार त्याहून सात-दहा हजार जास्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, बिलावर तपासा. किमतीत न दिसणारा खर्च म्हणजे फिटिंग, स्टँड, भिंतीला भोक, बॉक्समध्ये येतो त्यापेक्षा जास्त लागणारा तांब्याचा पाइप. मी यासाठी पाच-सहा हजार वेगळे ठेवायला सांगतो आणि पाइपचा मीटरचा दर आधी लिहून घ्यायला लावतो.

फाइव्ह स्टार सगळ्यांनी घ्यावा असं मला वाटत नाही. लेबलवरची विजेची वार्षिक युनिटं १,६०० तास वापर धरून काढलेली असतात. समजा दोन मशीनमध्ये २०० युनिटांचा फरक आहे आणि युनिट १० रुपयांचं धरलं, तर वर्षाला २,००० वाचतात. पण हे रोज वापराच्या बेडरूमचं झालं. पाहुण्यांच्या खोलीत एसी वर्षाला ४०० तास चालणार असेल तर बचत ५०० रुपये, तिथे थ्री स्टार पुरे. उलट महावितरणच्या बिलात तुम्ही दराच्या वरच्या टप्प्यात जात असाल तर युनिट महाग पडतं आणि फाइव्ह स्टार लवकर वसूल होतो. बिल काढा, स्वतः मांडा.

कूलर आणि एसी एकाच खोलीत एकत्र लावू नका, कूलर हवेत पाणी भरतो आणि एसी तेच उपसत बसतो. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही. २५-२६ आणि पंखा. दीड टनाला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं. जुन्या घरात गिझरच्या पॉइंटवरून लाइन ओढू द्यायची नाही, फिटर कितीही घाईत असला तरी. आणि वीज जोडणीचा मंजूर भार वाढवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज मार्चमध्येच करा.