अनोळखी जंगलात पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जाताय? मग आधी घरी बसून नकाशा बघा

शिकार कायदेशीर आहे अशा देशातही लायसन्स, सीझनच्या (शिकारीला मुभा असलेल्या काळाच्या) तारखा, नर-मादी कशाची परवानगी आहे आणि जमीन कोणाची, हे आधी क्लिअर करा, परवानगी नसेल तर विषयच संपला.

मग सॅटेलाइट फोटो आणि कंटूरवाला (रेषांनी चढउतार दाखवणारा) नकाशा शेजारी शेजारी उघडा. हरणं चरतात कुठं, पाणी कुठं पितात, दिवसा दाट झाडीत कुठं बसतात हे शोधायचं आणि मधला रस्ता पकडायचा, दोन टेकड्यांमधली खिंड दिसली की तिथं खूण करून ठेवा कारण हरणंपण आपल्यासारखीच आळशी, सोपी वाट सोडत नाहीत. अशा चार-पाच जागा काढा, एकीवर अडून बसू नका. नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा, रेंज जातेच.

आता वारा. नवीन माणूस इथंच फसतो. डोंगरात पहाटे थंड हवा खाली उतरते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी परत खाली, म्हणजे सकाळची भारी जागा दुपारी बेकार होऊ शकते, तुमचा वास हरणापर्यंत गेला की हरण दिसणारच नाही.

एक दिवस आधी जाऊन ठसे, ताज्या लेंड्या, शिंगं घासलेली खोडं बघून या, पण हरणं बसतात त्या झाडीत घुसू नका.

गाडीपासून किती लांब जायचं ते मांस पाठीवर आणायच्या हिशोबानं ठरवा (हे सगळे विसरतात!). बाकी शिकाऱ्यांना दिसावं म्हणून भडक केशरी जॅकेट घाला, हरणामागे गोळी अडवायला मातीचा उतार नसेल तर गोळी झाडू नका, आणि कुठं चाललाय, कधी परतणार ते घरी सांगून जा.