‘रन’चा नेमका अर्थ कसा लावावा

मोठेपणी इंग्रजी वाचायला लागलेल्या माणसाला लांबलचक, भारदस्त शब्द फारसे अडवत नाहीत, कारण त्यांचा बहुधा एकच अर्थ असतो आणि तो शब्दकोशात चटकन सापडतो. अडवतात ते ‘रन’, ‘सेट’, ‘गेट’, ‘टेक’ यांसारखे चिमुकले शब्द. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’चे ४३० अर्थ नोंदवलेले होते, त्याच कोशाच्या पुढच्या सुधारणेत ‘रन’ने त्याला मागे टाकले आणि नुसत्या क्रियापदाच्या रूपातच त्याच्या ६०० हून अधिक अर्थच्छटा भरल्या. मुंबईत राहणाऱ्या मराठी वाचकासमोर हा शब्द रेल्वेच्या सूचनेत येतो, भाडेकरारात येतो, इस्पितळाच्या केसपेपरवर आणि शेअर बाजाराच्या बातमीतही येतो, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे काही सांगतो. हे सगळे अर्थ पाठ करणे कोणालाही शक्य नाही. ते वाक्यातून ओळखायला मात्र शिकता येते, आणि त्याची रीत आपल्याला आधीपासून ठाऊक आहे.

मराठीतले ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, आंबा गोड लागतो, दादरहून ठाण्याला जायला वेळ लागतो आणि एखादे गृहस्थ आपले मामा लागतात. या क्रियापदाचे अर्थ कोणत्याही मराठी मुलाने घोकलेले नसतात. काय लागले आणि कोणाला लागले एवढे ऐकले की अर्थ आपोआप ठरतो. ‘रन’ वाचतानाही नजर त्या शब्दावर खिळवून न ठेवता त्याच्या शेजाऱ्यांकडे वळवावी.

प्रथम तो नाम आहे की क्रियापद, हे पाहावे. त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, एखादा आकडा किंवा विशेषण असेल, तर बहुधा ते नाम असते. शिवाजी पार्कवर खेळलेल्या कोणालाही नामाचा एक अर्थ, क्रिकेटमधली धाव, शिकवावा लागत नाही. बाकीचे नेहमी भेटणारे अर्थ मोजके आहेत आणि त्यांतल्या अनेकांत ‘अखंड चाललेला ओघ’ ही कल्पना दिसते: दलाल स्ट्रीटच्या बातमीतला ‘बुल रन’ म्हणजे टिकून राहिलेली तेजी, नाटकाचा ‘लाँग रन’ म्हणजे दीर्घकाळ चाललेले प्रयोग, ‘रन ऑन द बँक’ म्हणजे ठेवी काढून घेण्यासाठी उडालेली झुंबड. ‘इन द लाँग रन’ म्हणजे कालांतराने आणि ‘ऑन द रन’ म्हणजे फरार, हे दोन वाक्प्रचार तेवढे सरळ पाठ करावेत.

क्रियापद असेल, तर पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: त्याला कर्म आहे का? मराठीत गाडी चालते आणि चालक ती चालवतो. चाक फिरते आणि आपण ते फिरवतो. एक क्रिया आपली आपण होते, दुसरी कोणीतरी करवते, आणि हा भेद आपण क्रियापदाच्या रूपातच दाखवतो. जुन्या इंग्रजीतही अशी दोन वेगळी क्रियापदे होती, एक धावण्याचे व वाहण्याचे आणि दुसरे मुळात धावायला लावण्याचे. काळाच्या ओघात ती एकमेकांत मिसळली आणि दोन्ही कामे एकट्या ‘रन’कडे आली. म्हणून ‘शी रन्स अ मेस इन गिरगाव’ या वाक्यात ती बाई गिरगावात खानावळ चालवते, आणि ‘द मेस रन्स वेल’ या वाक्यात खानावळ छान चालते. माझ्या मते ‘रन’च्या गुंत्यातली निम्मी गाठ इथेच सुटते, तरीही शाळेत हे क्वचितच सांगितले जाते. कर्म दिसले की ‘धावणे’ मनातून काढून टाकावे आणि ‘चालवणे’ लावून पाहावे: कारखाना, शिबिर, संगणकातला प्रोग्राम, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे ते बसते. जिथे बसत नाही, तिथे कर्मच अर्थ सुचवते. वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करते म्हणजे छापते, मोटारवाला लाल सिग्नल ‘रन’ करतो म्हणजे तोडतो, माणूस ‘रिस्क’ रन करतो म्हणजे धोका ओढवून घेतो, आणि केसपेपरवर रुग्ण ‘फीव्हर’ रन करत असेल तर त्याच्या अंगात ताप आहे.

कर्म नसेल, तर कर्त्याकडे पाहावे. कर्ता माणूस किंवा जनावर असेल, तर धावणे खरे. वाहन असेल, तर मराठीतही धावणेच चालते. लोकल उशिराने धावत असल्याची घोषणा मुंबईकराच्या कानांवर नेहमीच पडते. कर्ता पातळ पदार्थ असेल, तर वाहणे हा अर्थ घ्यावा, आणि तो ‘धावणे’इतकाच जुना आहे: नदी वाहते, नळ वाहतो, सर्दी झाली की नाक वाहते. धुतल्यावर साडीचे रंग ‘रन’ झाले, तर मराठीत रंग गेला किंवा उतरला म्हणावे. कर्ता जागचा न हलणारा असेल, तर गतीची कल्पनाच सोडून द्यावी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी ‘रॅन’, म्हणजे धावली; पण बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वेमार्ग ‘रन्स’ असे लिहिले असेल, तर तो मार्ग तिथून तिथवर जातो, एवढेच. घराण्यात मधुमेह ‘रन’ करतो म्हणजे तो पिढ्यान्पिढ्या आढळतो.

कागदपत्रांच्या बाबतीत विशेष सावध राहावे, कारण तिथे चूक महागात पडते. करार अकरा महिने ‘रन’ करतो म्हणजे तेवढा काळ अमलात राहतो. मुदत अमुक दिवसापासून ‘रन’ करते म्हणजे त्या दिवसापासून मोजली जाते. न्यायालयाच्या निकालात दोन शिक्षा ‘रन कन्करंटली’ असे असेल, तर त्या एकाच वेळी भोगायच्या असतात. ‘कन्सेक्युटिव्हली’ असेल, तर एक संपल्यावर दुसरी. ‘रन’ इथे काहीच सांगत नाही, सगळा अर्थ पुढच्या शब्दात आहे.

आता सर्वांत कठीण भाग. ‘रन’च्या पाठीमागे ‘आउट’, ‘इनटू’, ‘ओव्हर’, ‘डाउन’ असे छोटे शब्द जोडले गेले की बहुधा नवेच क्रियापद तयार होते, आणि ही जोडी फोडून अर्थ लावू नये. क्रिकेटमध्ये फलंदाज ‘रन आउट’ झाला तर तो धावबाद, पण घरातले दूध ‘रन आउट’ झाले तर संपले. ‘रॅन इनटू’चे पाहा: बाजारात मी जुन्या मित्राला ‘रॅन इनटू’ म्हणजे त्याची अवचित गाठ पडली, मोटार दुभाजकाला ‘रॅन इनटू’ म्हणजे आदळली, आणि पुलाचा खर्च कोटींत ‘रॅन इनटू’ म्हणजे कोटींच्या घरात गेला. शब्द तेच, तरी कर्ता आणि पुढे येणारा शब्द मिळून अर्थ ठरवतात. बैठक ‘रॅन ओव्हर’ म्हणजे लांबली, पण पादचाऱ्याला गाडी ‘रॅन ओव्हर’ म्हणजे ती त्याच्या अंगावरून गेली. ‘रन डाउन’ इमारत म्हणजे मोडकळीस आलेली, ‘रन डाउन’ माणूस म्हणजे थकून गळून गेलेला, आणि कोणी शेजाऱ्याला ‘रन डाउन’ करत असेल, तर तो त्याची नालस्ती करत असतो.

विशेषणासारखा येणारा ‘रनिंग’ त्या मानाने सोपा आहे. रेल्वेतली ‘रनिंग रूम’ ही गाडी चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांची विश्रांतीची खोली असते. शिवणकामातल्या ‘रनिंग स्टिच’ला तर आपल्या बायकांनी ‘धावदोरा’ हे फार सुरेख नाव वापरात ठेवले आहे.

वहीत नोंद करताना ‘रन’ असा सुटा शब्द लिहून त्यापुढे अर्थांची रांग लावू नये. ती लक्षात राहत नाही आणि ऐन वेळी आठवतही नाही. वाचलेले पूर्ण वाक्य उतरवावे, ‘रन’च्या शेजारच्या शब्दांखाली रेघ ओढावी आणि संपूर्ण वाक्याचे सहज मराठी खाली लिहावे. शब्दकोश उघडायचा तोही नाम की क्रियापद, कर्म आहे का, कर्ता कोण आणि जोडीला छोटा शब्द आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर, कारण चांगल्या कोशात नाम, सकर्मक क्रियापद, अकर्मक क्रियापद आणि जोडक्रियापदे यांचे भाग वेगळे असतात आणि कोणत्या भागात शोधायचे हे आधी कळले, तर बाकीचे स्तंभ ओलांडता येतात. अर्थापेक्षा उदाहरणाचे वाक्य आधी वाचावे. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईतच छापला गेला. त्याच्यासारखे जुने कोश चाळण्यात मला मोठा आनंद वाटतो, पण आजच्या करारातल्या किंवा संगणकातल्या ‘रन’साठी नवा कोशच घ्यावा. एवढे करूनही दोन अर्थ सारखेच पटत असतील, तर दोन्ही पेन्सिलीने समासात लिहून पुढचा परिच्छेद वाचावा आणि मग त्यांतला न जुळणारा खोडावा.