जुन्या पोकलेनची रेस हाताबाहेर जातेय? आधी या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात शेततळ्याच्या एका कामावरून फोन आला. "भाऊ, मशीन ओव्हरस्पीडचा अलार्म मारतंय. पंप खोलून करून आणला, सेन्सर नवा टाकला, तरी तेच." वीस टनी मशीन, तिसऱ्या मालकाकडे आलेलं, जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल डिझेल पंप. गेलो, इंजिन बंद असताना क्रँकच्या पुलीवर चमकपट्टी चिकटवली, इंजिन चालू केलं आणि लांबूनच हातातला टॅकोमीटर (मिनिटाचे फेरे मोजणारं यंत्र) रोखला. डिस्प्लेवर २३८६, टॅकोमीटरवर २१००. इंजिन बिचारं सरळ चाललं होतं. आधीच्या कुणीतरी इंजिनकामात दुसरंच फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं दातेरी जड चाक) बसवलेलं. कंट्रोलरच्या हिशेबात ११० दात, रिंगला प्रत्यक्षात १२५. सेन्सर दात मोजतो, फेरे नाही. पंपाचा खर्च फुकट गेला.

म्हणून पहिली चूक हीच: रेस (इंजिनचा वेग) खरंच वाढली की नुसता आकडा वाढला, हे न बघता पाना हातात घेणं. साधा टॅकोमीटर पंपाच्या एका खोलकामापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. तोही नसेल तर मोबाइलवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप चालतं. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात तीनदा फायर होतं, म्हणजे २००० आरपीएमला सायलेन्सरचा मूळ सूर १०० हर्ट्झच्या आसपास हवा. चार सिलिंडरला तोच ६७.

एक भानगड लक्षात ठेवा. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे मेकॅनिकल पंपाऐवजी कॉम्प्युटर डिझेल सोडतो त्या इंजिनात, ईसीएम (तोच कॉम्प्युटर) त्याच सेन्सरवर विसंबून असतो. तिथे दातांचा घोळ असेल तर डिस्प्ले बरोबर दिसतो आणि इंजिन मात्र मंद चालतं. त्यामुळे कुठलं इंजिन आहे ते आधी बघा. १ एप्रिल २०२१ पासून सीईव्ही-४ (बांधकाम मशिनांच्या धुराचे नियम) लागू झालं ते चाकांच्या मशिनांना, म्हणून ट्रॅकवाल्या पोकलेनचं नुसत्या सालावरून ठरवू नका. त्यांत दोन्ही प्रकार सापडतात.

कोड न लिहिताच पुसणं

गाडी आली की स्कॅनर लावायचा आणि सगळे कोड उडवून टाकायचे, ही सवय फार वाईट. जे१९३९ (अवजड मशिनांतल्या कॉम्प्युटरची ठरलेली भाषा) पद्धतीच्या कोडमध्ये १९० म्हणजे इंजिनचा वेग. पण त्याच्या मागचा आकडा खरं सांगतो: १९०-० म्हणजे वेग मर्यादेच्या वर गेला, १९०-२ म्हणजे सिग्नल भरकटतोय, १९०-८ म्हणजे सिग्नलची फ्रिक्वेन्सीच विचित्र येतेय. यातले शेवटचे दोन दिसले तर पंपाकडे बघूही नका. सेन्सरच्या टोकावर चिकटलेला लोखंडी कीस, दातापासूनचं अंतर, सैल अर्थिंग, उंदराने कुरतडलेली वायर, हे आधी. कोमात्सूच्या बऱ्याच मशिनांवर ओव्हरस्पीडचा कोड सीए२३४ असा येतो. कोड किती तासांवर आला, किती वेळा आला, हे वहीत उतरवून मगच पुसा. मशीन विकत घेताना एकही जुना कोड नसेल तर मला उलट संशय येतो.

स्क्रू कुणी फिरवला?

जुन्या मशिनीत हे प्रकरण सगळ्यात जास्त सापडतं आणि सगळ्यात कमी बोललं जातं. हायड्रोलिक पंप झिजला की स्विंग (वरचा भाग गोल फिरणं) सुस्त होतो, बूम (मोठा हात) रेंगाळत वर जाते. पंप दुरुस्तीला लाखांत खर्च. मग विकणारा स्वस्तातला मार्ग काढतो: डिझेल पंपावरचा मॅक्सिमम स्पीडचा स्क्रू मोकळा करायचा, नाहीतर थ्रॉटल मोटरच्या (डिझेल पंपाचा लिव्हर ओढणारी मोटर) लिंक रॉडची लांबी बदलायची. रेस दीड-दोनशेने वर. तेलाचा फ्लो रेसच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सात ते दहा टक्के जास्त. बघायला आलेला माणूस म्हणतो, वा, मशीन चपळ आहे! घरी आणल्यावर डिझेल जास्त जातं आणि महिन्याभरात ओव्हरस्पीड सुरू.

टॉर्च घेऊन स्क्रूकडे नीट बघा. शिशाचं सील तुटलंय का, तार नवी दिसतेय का, लॉकनटवरचा रंग फुटलाय का. आट्यांचा एक भाग मळलेला आणि लगतचे दोन-तीन आटे चकचकीत असले तर समजा, हात फिरलाय.

इथे मेकॅनिकही फसतो. स्क्रू जागेवर आणला की अलार्म थांबतो, पण मशीन हळू होतं आणि मालक म्हणतो, तुम्हीच बिघडवलं. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी मालकाला समोर बसवा. तेल गरम करून, कंपनीच्या पुस्तकातल्या रेसवर बूम उचलायला आणि स्विंगला लागणारे सेकंद मोजा. ते पुस्तकातल्या वेळेपेक्षा बरेच जास्त निघाले, की कुठला पंप आजारी आहे ते तुम्हाला सांगावं लागत नाही.

रॅक अडकलाय, दोष मोटरला

पावसाळाभर उभं राहिलेलं मशीन, टाकीत पाणी साचलेलं. डिझेल पंपातला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) गंजून जड होतो. रेस वर जाते आणि डायल खाली केला तरी उतरत नाही. लोक थ्रॉटल मोटर बदलून मोकळे होतात. त्याआधी इंजिन बंद करून लिंक सोडा आणि पंपाचा लिव्हर हाताने फिरवा. तो स्प्रिंगने सहज परत यायला हवा. लिव्हर मोकळा असूनही इंजिन चालू केल्यावर रेस उतरत नसेल तर रॅक किंवा गव्हर्नर (वेग आवरणारा भाग), आणि पंप सरळ बेंचवर. लिव्हरच्या हालचालीबरोबर रेस नीट चढ-उतार करत असेल तर मोटर किंवा डायलचा पोटेन्शिओमीटर (डायल किती फिरवला ते सांगणारा भाग) तपासा.

(ट्रकवाला मिस्त्री उतारावर चुकीचा गिअर टाकला असेल म्हणतो. ते ट्रकचं. पोकलेनचे ट्रॅक तेलावर चालतात, ट्रॅव्हल मोटरला काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह असतो, तो उतारावर ट्रॅक सुसाट पळू देत नाही.)

चावी काढली तरी चालूच

हा प्रकार जिवावर बेतणारा. टर्बोचं सील गेलं, किंवा चेंबरमधलं (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातलं) तेल ब्रीदरवाटे (चेंबरची वाफ सोडणारी नळी) हवेच्या पाइपात ओढलं गेलं, की इंजिन स्वतःचंच तेल जाळून पळतं. डिझेल बंद करून उपयोग नाही. हवाच बंद करावी लागते: इनटेकच्या तोंडावर जाड प्लायवूड किंवा पत्रा, नाहीतर आत आग विझवायच्या सीओटू सिलिंडरचा फवारा. हात किंवा गोणपाट चुकूनही लावू नका, आत ओढलं जातं. पाइपापर्यंत पोचता येत नसेल तर लांब पळा, फ्लायव्हील आणि पंख्याच्या रेषेत थांबू नका.

याची चाहूल आधी लागते. निळा धूर, टर्बोच्या पाइपात तेलाचा लेप, आणि डिपस्टिकवर चढत जाणारी पातळी. "तेल खात नाही, उलट वाढतंय" म्हणून खूश होणारे मालक मी पाहिलेत. डिपस्टिकचा वास घ्या, डिझेलचा येईल. इंजेक्टरच्या ओ-रिंगमधून किंवा पंपाच्या शाफ्ट सीलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय.

एकदा इंजिन खरंच असं पळालं असेल तर मूळ कारण काढलं म्हणून लगेच सेल्फ मारू नका. टॅपेट कव्हर उघडा, पुशरॉड वाकलेत का बघा, गॅप मोजा. ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडा, चमकणारा कीस दिसला तर चेंबर उतरवा. शेवटी क्रँकला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका.