एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन झालं तरी अंगावरून जातंय, पोट दुखतंय, काय करायचं?

दुर्बिणीतून ऑपरेशन म्हटलं की घरच्यांना वाटतं तीन-चार भोकं, चार टाके, आठवड्यात बाई ओट्याशी उभी. पण एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, त्यामुळे आत ओव्हरीवरची चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) सोलून काढलेली असते, कुठे आतड्याला चिकटलेलं सोडवलेलं असतं, ते भरायला वेळ लागतोच. म्हणून आधी घरच्यांना हे सांगा, जड बादल्या आणि गॅस सिलेंडर डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी उचलायचे.

आता रक्तस्राव. तो कशामुळे होतोय हे कळलं की अर्धी भीती जाते. ऑपरेशन करताना गर्भाशय हलवायला खालून एक उपकरण घालतात, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस, कधी दोन आठवड्यांपर्यंत थोडं थोडं जातं, लाल मग तपकिरी होत होत थांबतं. दुसरं म्हणजे पहिली पाळी, ती लवकर येऊ शकते, उशिरा येऊ शकते, नेहमीपेक्षा जास्त जाऊ शकतं आणि कळाही जोरात येऊ शकतात, तेवढ्यावरून ऑपरेशन फेल गेलं असं धरून बसू नका. आणि तिसरं, जे डिस्चार्जच्या गडबडीत सांगायचं राहून जातं, ते म्हणजे डायनोजेस्टसारखी हॉर्मोनची गोळी किंवा हॉर्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू बसवली असेल तर पहिले काही महिने अधूनमधून डाग पडत राहतात. गोळी चुकली किंवा वेळ मागेपुढे झाली तर जास्तच. मोबाईलला अलार्म लावा, आणि वैतागून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, आधी फोन करा.

रोज लिहून ठेवा, किती पॅड, रंग काय, गाठी पडल्या का, दुखणं दहापैकी किती, गोळी घेतली का. "खूप जातंय हो डॉक्टर" यापेक्षा "दिवसाला पाच पॅड, तीन दिवस झाले" याला लगेच उत्तर मिळतं. टॅम्पॉन, कप आणि संबंध डॉक्टर सांगेपर्यंत नाही, फक्त पॅड.

दुखण्याचं म्हणाल तर पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो, हार्टचं काहीतरी झालं म्हणून लोक घाबरतात, पण पोटात भरलेल्या गॅसमुळे असतं ते, घरातल्या घरात हळूहळू चालल्यावर कमी होतं. पेनकिलर सुरुवातीला सांगितलेल्या वेळेला घ्या, कळ डोक्यात गेल्यावर घेतली तर उशिरा लागू पडते. पण मेडिकलवाल्याने दिलेली दुसरी गोळी आपल्या मनाने जोडू नका, बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, डबल होतं. ॲसिडिटी, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. पोट साफ नसेल तर ओटीपोट जास्तच दुखतं, पाणी, पपई, डॉक्टरांना विचारून इसबगोल. गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून, टाक्यांवर नाही. खोकताना पोटावर उशी दाबून धरा, उठताना आधी कुशीवर वळा.

हे मात्र अंगावर काढायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं: तासाला एक पॅड भिजतंय आणि दोन तास झाले तरी तसंच, मोठ्या गाठी, चक्कर येऊन पडायला होणं, १००.४ च्या वर ताप, घाण वास, पोट फुगून दुखणं वाढत जाणं, उलट्या, लघवी न होणं, पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप. "पाळीतच आहेस ना, होतं असं" म्हणणारी एक मावशी प्रत्येक घरात असते, तिचं अशा वेळी ऐकू नका.

दोन-तीन पाळ्या होऊन गेल्या तरी तसंच चालू असेल तर नुसती पेनकिलर वाढवून घेऊ नका, ॲडेनोमायोसिस (तसंच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) आहे का, सोनोग्राफी परत करायची का, हे स्पष्ट विचारा. ओटीपोटाचे स्नायू आखडूनही दुखतं, त्यासाठी पेल्व्हिक फ्लोअरची फिजिओथेरपी असते, सगळीकडे मिळत नाही पण विचारायला काय जातं. ऑपरेशन नोट्स, बायोप्सीचा रिपोर्ट आणि ऑपरेशनची सीडी दिली असेल तर ती एका फाईलमध्ये ठेवा, सेकंड ओपिनियनला तेच मागतात. हिमोग्लोबिनही तपासून घ्या, लोहाची गोळी दिली तर लिंबू सरबताबरोबर घ्या, चहाबरोबर नाही, आणि शौचाला काळी झाली तर घाबरू नका, त्या गोळीने होतं ते.