मृग लागायच्या आत: तालुक्यातल्या नेटवाल्याची तयारी

मे महिन्यात घरोघरी कुरडया वाळत असतात, तेव्हा नेटवाल्याने खांबाखांबाने फिरावं. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याआधी जे होईल ते कोरड्यात, नंतरचं सगळं चिखलात उभं राहून.

बँडविड्थचं बिल आधी उरकून टाकू, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. अपस्ट्रीमकडून, म्हणजे ज्या मोठ्या कंपनीकडून आपण नेट घेतो तिच्याकडून, गेल्या महिन्याचा वापराचा आलेख मागवा आणि रात्री नऊ ते साडेअकरा एवढंच बघा. आपण विकत घेतो ती त्या अडीच तासांची गर्दी. दिवसभर पाइप अर्धा रिकामाच असतो. बिल पंच्याण्णव टक्क्यांच्या हिशेबाने असेल तर हुरळून जाऊ नका. पाच मिनिटांना वापराची एक नोंद, ३० दिवसांच्या ८६४० नोंदी, त्यातल्या वरच्या ४३२ सोडतात, म्हणजे ३६ तास माफ. आपली गर्दी रोजची, महिन्याला ७५ तास. माफी पुरते कुठे? यूट्यूब, नेटफ्लिक्सचा कॅशमधून (व्हिडिओंच्या प्रती जवळ साठवणाऱ्या सर्व्हरमधून) येणारा ट्रॅफिक आणि बाकीचं इंटरनेट यांचे दर वेगळे ठरले असतील, तर दोन्हींचे आलेखही वेगळे मागा. कॅश बंद पडली की तोच व्हिडिओ महागाच्या वाटेने येतो आणि आपल्याला ते बिल हातात पडल्यावर कळतं. मुंबईतला दर ऐकून भांडायला मात्र जाऊ नका. भाजीसारखंच आहे, तालुक्याचा भाव वाहतूक धरून.

दुसरी लिंक घेतली असेल तर तिचा रस्ता कागदावर मागा आणि एकदा गाडीने फिरून बघा. मी दोन वेगळ्या कंपन्यांच्या लिंक घेऊन निवांत होतो. ओढ्यावरच्या पुलाशी रुंदीकरणाचा जेसीबी आला आणि दोन्ही एकाच दिवशी गेल्या. दोघांच्या केबल एकाच कठड्याला बांधलेल्या होत्या! पब्लिक आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) पहिल्या कंपनीचे असतील तर दुसरी लिंक चालू राहूनही स्टॅटिक आयपीवाले (कायम एकच पत्ता घेतलेले) ग्राहक बंदच पडतात, हेही आत्ताच तपासा.

आता खरं काम. ओएलटीवरून (आपल्या ऑफिसातल्या, सगळ्या फायबर जिथून निघतात त्या मशीनवरून) प्रत्येक ग्राहकाकडे पोचणाऱ्या प्रकाशाची पॉवर काढून यादी करा. एकामागे एक एकास आठचे दोन स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश आठांत वाटणारे) म्हणजे साधारण २१ डीबी (प्रकाशाच्या ताकदीचं माप) तिथेच गेले. ओएलटी शून्याच्या थोडं वरून सुरू करतं, म्हणून त्यावर चार-पाच किलोमीटर फायबर आणि जॉइंट धरले तरी ओएनयूवर (ग्राहकाच्या घरातल्या डबीवर) उणे २१-२२ दिसायला हवं. उणे २५च्या खाली गेलेली प्रत्येक लाइन पावसाआधी उघडायची. उणे २७ला नेट चालतं, पण पहिल्या सरीत जॉइंटमध्ये पाणी गेलं की लाल दिवा. ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाड किती अंतरावर आहे ते दाखवणारं मशीन) १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर लावा. १५५०वर लॉस जास्त दिसला तर फायबर कुठेतरी दुमडलंय, बहुतेक जॉइंटच्या डब्यातच कुणीतरी घाईत कोंबलेलं. डबा उघडलाच आहे तर रबराची सील बदला. मुंग्यांनी घर केलेलं असेल तर मातीसकट साफ करा.

हे करताना एक वही जवळ ठेवा. केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. प्रत्येक जॉइंटशी आणि खांबावर जादा केबलची गुंडाळी असेल तिथे तो लिहून घ्या. ओटीडीआर २३४० मीटरवर कट दाखवतं ते फायबरचं अंतर, रस्त्याचं नव्हे. मधल्या खांबांवर तीस-तीस मीटरच्या दोन गुंडाळ्या असतील तर तुम्ही साठ मीटर पुढे जाऊन शोधत बसता, तेही रात्री, बॅटरीच्या उजेडात.

झाडांवरून नेलेली केबल सोडवून घ्या. वीजवाले पावसाआधी फांद्या तोडतात आणि फांदीबरोबर आपली केबलही खाली येते. रस्ता ओलांडणाऱ्या केबलची उंचीही आत्ताच वाढवा. गणपतीची मिरवणूक आणि पाठोपाठ उसाच्या ट्रॉल्या, दोन्ही त्याच रस्त्याने जातात. दोन गच्च्यांमध्ये तांब्याची लॅन केबल उरली असेल तर काढून फायबर टाका. वीज कडाडली की त्या वायरीवरून स्विचचे पोर्ट जळतात.

लाइट गेल्यावर ओएलटी चालवणाऱ्या बॅटऱ्यांची परीक्षा सोपी आहे: मेन बंद करा, घड्याळ लावा, बसा. एकामागे एक जोडलेल्या चारांपैकी एक मेलेली असली की बाकीच्या तीनही काही कामाच्या नाहीत. ओएलटीवर डायिंग गॅस्पचा अलार्म चालू आहे ना बघा. घरातली लाइट गेली की ओएनयू जाता जाता तसा निरोप पाठवतं. ‘नेट गेलंय’ म्हणणाऱ्याकडे शिडी घेऊन धावण्याआधी ते वाचावं. पावसाळ्यातल्या निम्म्या फेऱ्या वाचतात, असा माझा अनुभव.

कागदपत्रांत एकच सांगतो. एका पब्लिक आयपीमागे पन्नास घरं असतील तर नॅटच्या (एकच आयपी अनेकांना वाटून देण्याच्या) नोंदीत पोर्ट नंबर आणि अचूक वेळ हवीच. पोलिसांचं पत्र आल्यावर नुसत्या आयपीवरून माणूस सापडत नाही. नोंदी दोन वर्षं ठेवायच्या आहेत, डिस्क भरत आली असेल तर आजच घ्या.

शेवटी स्प्लायसिंगची (फायबर जोडायची) पेटी: मशीन चार्ज, क्लीव्हरचं (फायबर सरळ कापायच्या हत्याराचं) पातं फिरवलेलं, जोडावर चढवायच्या स्लीव्ह, स्पिरिट, ताडपत्री. आणि पावसात छत्री धरायला दुसरा माणूस लागतो. जोडणाऱ्याच्या हातावर थेंब पडला की परत पहिल्यापासून. त्याचं नाव आत्ताच ठरवून ठेवा, रात्री अकराला कुणी उचलत नाही.