पावसाळ्याआधी सुटा इंजिन ब्लॉक साठवण्याची तयारी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून बोअरिंग आणि होनिंग (सिलिंडरची भोके म्हणजे बोअर कातून मोठे करणे आणि दगडाने घासून घेणे) करून आणलेला ट्रॅक्टरचा ब्लॉक लगेच बांधायचा नसेल, तर त्याची साठवण मृग लागण्यापूर्वी उरकावी. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की ब्लॉकच्या उघड्या बिडावर (ओतीव लोखंडावर) गंज झपाट्याने चढतो, आणि खानापूर भागात तर पावसाळाभर हवा याहून ओलीच असते.

ब्लॉक धुवायला घेण्याआधी गंजरोधक तेल, धागे न सोडणारे पांढरे सुती कापड, नायलॉनचे ब्रश, रबरी हातमोजे, जाड प्लास्टिकची पिशवी आणि ओल शोषणारे सिलिका जेल हे सारे हाताशी असावे, कारण धुतलेले बीड पाहता पाहता लालसर पडते आणि तेव्हा दुकानात पळायला वेळ नसतो. होनिंगच्या बारीक रेघांत अडकलेली दगडाची भुकटी नुसत्या डिझेलने निघत नाही. बोअर गरम साबणपाण्याने ब्रश फिरवून धुवावेत, ऑइल गॅलऱ्या (ब्लॉकमधील तेलाच्या वाटा) आणि बोल्टच्या भोकांतील आटेही तसेच साफ करावेत. मग कंप्रेसरची हवा मारावी, पण त्याआधी कंप्रेसरच्या टाकीतील साचलेले पाणी काढून टाकावे, नाहीतर तेच पाणी गॅलरीत जाते. लगोलग तेलात भिजवलेले कापड बोअरमध्ये फिरवावे आणि त्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत कापड बदलत राहावे.

शेवटचा थर गंजरोधक तेलाचाच द्यावा. साधे इंजिन ऑइल उभ्या भिंतीवरून ओघळते; इंजिनातून काढलेले काळे ऑइल तर मुळीच लावू नये, त्यातील आम्लांनीच धातू खराब होतो. वरचा सपाट पृष्ठभाग, मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्ट ज्यांत फिरतो त्या) बैठका आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांची) भोके यांवर विशेष लक्ष द्यावे. बेअरिंग कॅप (बैठकांवरची झाकणे) आपापल्या जागी, मूळ दिशेनेच बसवून ठेवाव्यात.

मग ब्लॉक सिलिका जेलसह पिशवीत घालून तिचे तोंड कोरड्या, उन्हाच्या दुपारीच बांधावे; पत्र्याच्या शेडमध्ये दिवसा तापून रात्री निवणारा ब्लॉक आत कोंडलेल्या ओलीने घामेजतो. तो फरशीवर न ठेवता कोरड्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवावा. चिक्कोडी-निपाणीकडे उसासाठी आणलेली युरिया-पोटॅशची पोती बहुधा त्याच खोलीत असतात; खताची धूळ ओल ओढते आणि लोखंड खाते, म्हणून ब्लॉकला दुसरी जागा शोधावी. चार्जिंगला लावलेली बॅटरीही जवळ नको.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी पिशवी उघडून बोअर पाहावेत आणि निळे सिलिका जेल गुलाबी झाले असल्यास बदलावे. ब्लॉक बांधायला घेताना हे सारे तेल पुन्हा धुऊन काढावे.