मुलाच्या शैक्षणिक मूल्यमापनाची मागणी कधी करावी : या चुका टाळा

मूल वाचण्या-लिहिण्यात अडखळले की ‘थोडा मोठा झाला की येईल’ असे म्हटले जाते. हे वाक्य पुष्कळदा खरे ठरते, आणि म्हणूनच ते फसवे असते. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरे उलटी लिहिणे अनेक मुलांमध्ये दिसते व आपोआप कमी होते. वाट पाहण्यात गैर काही नाही. मात्र त्या वाट पाहण्याला मुदत नसणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. वर्ग पुढे जातो, मूल मागे पडते आणि हळूहळू ‘मला येतच नाही’ असे मानू लागते. त्यापेक्षा शिक्षकांशी बोलून कोणती मदत, आठवड्यातून किती वेळा आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायची हे लिहून ठेवावे, आणि त्या तारखेला पुरेसा फरक दिसला नाही तर शैक्षणिक मूल्यमापनाची, म्हणजे मुलाला शिकताना नेमके काय आणि का अवघड जाते याच्या तज्ज्ञांकडून होणाऱ्या तपासणीची, मागणी करावी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील टिकून राहणाऱ्या अडचणीच्या) निदानासाठी मदत देऊनही किमान सहा महिने अडचण टिकून राहण्याची अट आहे. काही जण तिचा अर्थ ‘सहा महिने मूल्यमापनाचा अर्जच करू नये’ असा लावतात, पण ती अट निदानाची आहे, अर्जाची नव्हे. आलेले शब्द किंवा कौशल्ये मूल गमावू लागले असेल, तर मात्र एक आठवडाही न दवडता डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी चूक म्हणजे केवळ गुणांवरून निर्णय घेणे. पाण्याचे चक्र विचारले तर बाष्पीभवनापासून पावसापर्यंत सारे न अडखळता सांगणारे मूल कागदावर ‘ढग. पाउस. नदि’ एवढेच लिहून पेन्सिल खाली ठेवते, तेव्हा त्याला ‘आळशी’ म्हणणे सोपे असते; परंतु बोलणे आणि लिहिणे यांतील ही दरीच मूल्यमापनाचे सबळ कारण आहे. याउलट, एखादे हुशार मूल पाठांतराच्या बळावर उत्तीर्ण होत राहते, आणि त्यासाठी रोज रात्री किती रडारड होते हे प्रगतिपुस्तकात कुठेच दिसत नाही.

कान आणि डोळे तपासून घेण्याचे राहून जाते, हे मला विशेष खटकते. मध्यकर्णात द्रव साठला की ऐकू येण्यात चढउतार होतो. मूल एके दिवशी सूचना पाळते, दुसऱ्या दिवशी पाळत नाही, आणि तो हट्टीपणा समजला जातो. काही सेकंद शून्यात पाहणे व हाक मारल्यावरही भानावर न येणे हा अपस्माराचा (फिट येण्याच्या आजाराचा) एक प्रकार असू शकतो. या तपासण्या मूल्यमापनाच्या अर्जासोबतच सुरू कराव्यात. एक संपल्यावर दुसरे, असा क्रम लावत बसू नये.

घरात दोन भाषा असल्या की सारा दोष त्यांच्यावर टाकला जातो. भाषाविकासाची मूळ अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. केवळ नव्या भाषेत अडखळणाऱ्या मुलाला त्या भाषेचा सराव हवा असतो.

अर्जात ‘लक्ष देत नाही’ असे मोघम लिहू नये. ‘तीन सूचना दिल्यास पहिलीच लक्षात राहते’, ‘दहा ओळी उतरवायला चाळीस मिनिटे लागतात’ अशी निरीक्षणे तारखेसह लिहावीत आणि काही महिन्यांच्या अंतराची वहीची दोन पाने जोडावीत. शाळा ‘आमच्याकडे काही त्रास नाही’ म्हणाली तरी माघार घेऊ नये. दिवसभर स्वतःला सावरून धरणारे मूल घरी आल्यावर कोसळते, असे घडते. अतिचंचलता व अवधानदोषाच्या निदानासाठी दोन किंवा अधिक ठिकाणची लक्षणे पाहिली जातात, त्यामुळे घर आणि शाळा दोघांचीही निरीक्षणे लागतात.

तारीख मिळाल्यावर मुलाकडून चाचणीचा सराव करून घेऊ नये, आणि झालेली चाचणी अल्पावधीत दुसरीकडे पुन्हा करवून घेऊ नये. सरावाने गुण वाढतात आणि खरी गरज झाकली जाते. आधी कोणती चाचणी कधी झाली हे तज्ज्ञांना आवर्जून सांगावे. मुलाला ‘परीक्षा आहे’ असे न सांगता, कसे शिकवले म्हणजे तुला सोपे जाईल हे शोधायला आपण जात आहोत, असे सांगावे. नेहमीचा चष्मा किंवा श्रवणयंत्र सोबत न्यावे, आणि मुलाला ताप असेल तर तारीख पुढे मागून घ्यावी.